कॅसेटमध्ये न मावलेले गाणे

जत्रेतला फुगे फोडण्याचा गाडा आपण सर्वांनी पाहिला आहे. फळीवर रंगीबेरंगी फुगे टाचलेले असतात, आपण पैसे देतो आणि गाडीवाला छर्‍यांची बंदूक भरून आपल्या हातात देतो. समजा, उद्या त्याने तुम्हांला तो सगळा गाडा घरी न्यायला दिला. बंदूक मात्र ठेवून घेतली आणि तिच्याऐवजी बटणांची एक डबी दिली. डावीकडचे बटण दाबून धरले की नेम हळूहळू डावीकडे सरकणार, उजवीकडचे दाबले की उजवीकडे. फुगे तेच, फळी तीच. तुम्ही म्हणाल, "अहो, मग त्यात मजा ती काय राहिली?"

अमेरिकेतल्या मुलांवर १९९५-९६ च्या सुमारास थोडाफार असाच प्रसंग आला. त्या खेळाचे नाव 'रेव्होल्यूशन एक्स'. शिकागोच्या मिडवे नावाच्या कंपनीने तो १९९४ साली काढला. आजच्या भाषणासाठी मी हाच खेळ निवडला, याचे कारण तो फार थोर आहे असे नव्हे. मोठ्या यंत्रावरची वस्तू लहान यंत्रावर नेताना काय टिकते आणि काय गळते, हे त्याच्यावरून फार स्वच्छ दिसते. शिवाय हा खेळ गाण्याविषयीचा आहे, आणि गाण्याचे दुःख रेडिओ ऐकणार्‍याला लवकर कळते.

हा खेळ मुळात घरी खेळायचा नव्हताच. त्या देशात 'आर्केड' म्हणून खेळघरे असत. माणसाहून उंच अशी कपाटे ओळीने उभी, प्रत्येकात टीव्हीसारखा पडदा आणि खाली नाणे टाकायची फट. आपल्याकडे शहरांतून जी व्हिडिओ गेम पार्लरे निघाली होती, ती याच जातीची. नाणे टाकावे, खेळावे, मेलात की पुन्हा नाणे टाकावे.

'रेव्होल्यूशन एक्स'च्या कपाटाला पुढे बंदुका बसवलेल्या होत्या. मोठ्या कपाटाला तीन. म्हणजे तिघे मित्र खांद्याला खांदा लावून उभे राहत. आणि पडद्यावर कोण? तर 'एरोस्मिथ' हा बोस्टनचा रॉक वाद्यवृंद. १९७० साली निघालेला, पाच जणांचा. स्टीव्हन टायलर गाणारा, जो पेरी आणि ब्रॅड व्हिटफोर्ड गिटारवर, टॉम हॅमिल्टन बास गिटारवर आणि जोई क्रेमर ड्रमवर. त्या खेळात त्यांची खरीखुरी छायाचित्रे आणि त्यांच्या गाण्यांची खरी ध्वनिमुद्रणे घातली होती.

कथा अशी, की 'न्यू ऑर्डर नेशन' नावाची एक जुलमी सत्ता जगावर आली आहे. हेल्गा नावाची बाई तिची प्रमुख. तिने संगीत, टीव्ही, मासिके, एवढेच काय, व्हिडिओ गेमसुद्धा बंद करून टाकले आहेत, आणि या पाच वादकांना पळवून नेले आहे. आपण बंदूक घेऊन निघायचे. लॉस एंजेलिसच्या एका क्लबात सुरुवात. पुढे ॲमेझॉनचे जंगल, मध्यपूर्वेचे वाळवंट, पॅसिफिकचा काठ आणि अखेरीस लंडनचे वेम्बली स्टेडियम. वाटेत पाचही वादक निरनिराळ्या ठिकाणी दडलेले. ते सगळे सापडले, तरच खेळाचा खरा शेवट बघायला मिळतो. बंदुकीतून गोळ्या तर सुटतातच. पण दुसरे एक बटण दाबले की चक्क गाण्याच्या सीडी सुटतात आणि त्या शत्रूवर जाऊन आदळतात! संगीत हेच शस्त्र, असा त्या खेळाचा पुकारा होता.

कथा म्हणून हिच्यात फारसा राम नाही, हे मी आधीच कबूल करतो. गाणे वाचवायचे म्हणून अर्धे जग गोळ्यांनी फोडत सुटायचे, याला क्रांती म्हणणे जरा अतीच झाले. पण खेळघरातल्या त्या गोंगाटात, हातात थरथरणारी बंदूक आणि कानांवर गिटारचा दणका, असा एकूण परिणाम मोठा जोरदार होत असला पाहिजे, हेही मान्य करावे लागते.

आता बंदुकीकडे वळू. आमच्या लहानपणी, म्हणजे नव्वदीच्या दशकात, ज्याच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम असे त्याच्या दारात पोरांची रीघ लागायची. त्याबरोबर एक प्लास्टिकची बंदूक येई आणि तिने पडद्यावरची बदके मारायची. त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नसे, बरं का! उलट तीच पडद्याकडे बघत असे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीत उजेड टिपणारा एक लहानसा भाग असे. त्याला पांढरे दिसले तर बदक मेले, काळे दिसले तर नेम चुकला. हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत घडे. हल्लीच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही. ती युक्ती जुन्या काचेच्या पडद्यावर, उजेड ज्या क्षणी उमटे त्यावर बेतलेली होती. सपाट पडदा चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि तेवढ्याने सगळे बिनसते.

'रेव्होल्यूशन एक्स'ची बंदूक या प्रकारची नव्हती. ती कपाटाला खिळीवर पक्की बसवलेली असे. डावीउजवीकडे आणि वरखाली फिरे. तिच्या बुडाशी काय होते? आपल्या जुन्या रेडिओवर आवाज लहानमोठा करायचे जे गोल बटण असते, त्याच्या आतला भाग. शाळेत आपण त्याला बदलता रोध म्हणतो. बटण फिरवले की रोध बदलतो, त्याबरोबर विजेचा दाब बदलतो. रेडिओत त्याने आवाज वाढतो. इथे असे दोन रोध बसवले, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. ते दोन आकडे वाचून यंत्राला कळे की बंदूक पडद्यावरच्या अमुक जागेकडे रोखली आहे, आणि त्या जागी नेमाची खूण उमटे. शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. बिघडलेल्या रेडिओतले ते बटण काढावे, त्याच्या बाहेरच्या दोन टोकांना एक सेल जोडावा, मधल्या आणि एका कडेच्या टोकाला मीटर लावावा. बटण फिरवताच काटा हलेल.

या बंदुकीचा गुण असा, की मनगटाच्या एका झटक्यासरशी नेम डाव्या टोकाहून उजव्या टोकाला जातो. घरच्या कंट्रोलरवर अधिकासारख्या आकाराचे चार दिशांचे बटण असते. ते दाबून धरले की खूण ठरलेल्या वेगाने सरकत जाते. वेग वाढवला तर खूण नेमकी थांबत नाही, कमी केला तर ती पोचेपर्यंत शत्रू गोळी झाडून मोकळा. ज्यांनी मूळ खेळ रचला त्यांनी शत्रूंची गर्दी मनगटाच्या वेगाला मोजून केली होती. ती तशीच अंगठ्याच्या वाट्याला आली. आणि तिसरा मित्र तर बाहेरच राहिला, कारण घरच्या यंत्राला कंट्रोलर जोडायच्या जागा दोनच.

चित्रांचेही तसेच झाले. मिडवेची पद्धत अशी, की नटाला साध्या पार्श्वभूमीपुढे उभे करायचे, त्याच्या हालचालींचे चित्रण करायचे आणि त्यातून एकेक छबी कापून यंत्रात भरायची. त्यामुळे माणसे कार्टूनसारखी न दिसता फोटोसारखी दिसत. कपाटातल्या यंत्राला एकच छबी लगेच लहानमोठी करता येई. शत्रू लांब असला तर लहान, धावत पुढे आला तर मोठा. घरी त्या वेळी दोन यंत्रे जोरात होती, निन्टेन्डोचे 'सुपर निन्टेन्डो' आणि सेगाचे 'मेगा ड्राइव्ह', ज्याला अमेरिकेत 'जेनेसिस' म्हणत. या दोघांनाही हलत्या आकृत्या अशा आपोआप लहानमोठ्या करता येत नसत. म्हणजे लांबचा शत्रू, मधला शत्रू, जवळचा शत्रू अशा वेगवेगळ्या छब्या साठवा, नाहीतर मधल्या गाळून टाका. सेगाच्या यंत्रात पडद्यावर एका वेळी साधारण चौसष्टच रंग. फोटोतल्या माणसाच्या चेहर्‍याला तेवढे रंग पुरत नाहीत. गालावर मातीचे थर दिल्यासारखे दिसते. शिवाय एका आडव्या ओळीत फार आकृत्या आल्या की काही दिसेनाशा होतात. सेगाच्या यंत्रात ही मर्यादा वीस तुकड्यांची होती, आणि एका माणसाच्या आकृतीलाच असे दोनतीन तुकडे लागतात.

पण बंदूक गेली, रंग गेले, हे एक वेळ चालले असते. खरी गोम गाण्याची.

इथे मी तुम्हांला थोडे गणित करायला लावणार आहे. कंटाळू नका, बेरीज-गुणाकाराच्या पलीकडचे काही नाही. सीडीवर गाणे कसे साठवतात? ध्वनीची लहर एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजतात. प्रत्येक मोजमापाला दोन बाइट जागा लागते. बाइट म्हणजे रोमन लिपीतले एक अक्षर मावेल एवढी जागा असे समजा. डावा आणि उजवा असे दोन आवाज, म्हणून पुन्हा दुप्पट. गुणाकार करा: सेकंदाला १,७६,४०० बाइट. चार मिनिटांच्या गाण्याला सव्वाचार कोटींच्या आसपास. आता सुपर निन्टेन्डोची कॅसेट घ्या. हिला आपण कॅसेट म्हणत असू, पण आत फीत नव्हे, चिपा असतात. त्या यंत्राची चांगली मोठी कॅसेट घेतली तर तिच्यात सुमारे बेचाळीस लाख बाइट. म्हणजे एरोस्मिथचे एकच गाणे सीडीच्या दर्जाने भरायचे तर तशा दहा कॅसेट लागल्या असत्या, आणि त्यांत खेळाचे एकही चित्र मावले नसते!

एवढ्यावरही संपत नाही. त्या यंत्रात आवाजासाठी वेगळी मेमरी होती, ती ६५,५३६ बाइटची. सीडीच्या दर्जाचा आवाज तिच्यात अर्धा सेकंदही मावत नाही. अर्थात कारागीर लोक आवाज आटवून भरत. त्या यंत्राच्या स्वतःच्या आटवण्याच्या रीतीने, दोन आवाजांचा एक करून, सेकंदाला १८,००० बाइटपर्यंत खाली येता येई. तरीही एका वेळी चार सेकंदांपेक्षा कमीच. अधिक आटवले तर आवाज मडक्यातून बोलल्यासारखा येतो. सेगाच्या यंत्राची तर्‍हा निराळी. त्याची मुख्य ध्वनिचिप एका वेळी सहा आवाज काढी, आणि त्यांपैकी एकाच जागी खर्‍या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वाजवता येई.

मग करायचे काय? ढोलाचा ठोका, गायकाची एखादी आरोळी, गिटारचा एखादा फटका, असे चारदोन तुकडे खरे घ्यायचे आणि बाकीची चाल चिपकडून वाजवून घ्यायची. आपल्याकडे वरातीतला बँड क्लॅरिनेटवर सिनेमाचे गाणे वाजवतो. चाल ओळखू येते, लोक नाचतातही. पण लताबाई तिथे नसतात. वरातीत ते चालते, कारण तिथे आपण लताबाईंना ऐकायला गेलेलोच नसतो. इथे मात्र खेळाच्या खोक्यावर त्या पाच जणांचा फोटो होता.

हेल्गाबाईने संगीत बंद केले म्हणून मूल बंदूक घेऊन बसले. आणि त्याच्या हातातल्या कॅसेटनेच संगीताचा आधी गळा दाबलेला. त्या बाईला एवढे साम्राज्य उभारायची काही गरजच नव्हती!

ही अडचण जुनी आहे. १९८३ साली बॅली मिडवेने 'जर्नी' नावाच्या दुसर्‍या एका रॉक वाद्यवृंदावर कपाटाचा खेळ काढला होता. तेव्हाच्या चिपांना खरे गाणे वाजवणे शक्यच नव्हते. कारागिरांनी कपाटात सरळ एक टेपरेकॉर्डर ठेवून दिला! खेळणारा शेवटच्या मैफलीपर्यंत पोचला की आतली फीत सुरू होई आणि खरे गाणे वाजे. मला ही युक्ती फार आवडते. कपाट मोठे होते म्हणून ती जमली. त्याच वाद्यवृंदावर आदल्या वर्षी घरच्या अटारी यंत्रासाठी निराळा खेळ निघाला होता. त्याच्या कॅसेटमध्ये मिळून चार हजारांवर थोडे बाइट. तिथे टेपरेकॉर्डर कुठे ठेवणार?

'रेव्होल्यूशन एक्स'च्या घरगुती आवृत्त्या ॲक्लेम कंपनीने १९९५-९६ मध्ये विकल्या. सुपर निन्टेन्डो आणि सेगासाठी कॅसेट. आणि सोनीचे प्लेस्टेशन, सेगाचेच सॅटर्न आणि घरचा संगणक यांच्यासाठी सीडी. सीडीवर जागेची टंचाई नव्हती. साडेसहाशे मेगाबाइट, म्हणजे त्या मोठ्या कॅसेटच्या दीडशेपटीहून जास्त. गाण्याचा गळा तिथे मोकळा झाला. पण सीडी वाचायला वेळ लागतो. प्लेस्टेशनला सेकंदाला सुमारे तीन लाख बाइट वाचता येत, म्हणून नवे ठिकाण आले की थांबा. आणि तबकडी वाचणारी भिंग एकच. तीच जर गाण्याच्या रेघेवर बसली असेल, तर तिला त्याच वेळी चित्रे आणून देता येत नाहीत. विहिरीला रहाट एकच, आणि पाणी मागणारी शेते दोन.

तोवर काळही पुढे गेला होता. सेगाचा 'व्हर्च्युआ कॉप' हा बंदुकीचा खेळ १९९४ साली खेळघरांत आला आणि १९९५ साली सॅटर्नसाठी घरी पोचला. त्याच्यासाठी हातात धरायची बंदूकही मिळत होती. त्यात माणसे फोटोतून कापलेली नव्हती. भूमितीच्या आकृत्यांतून घडवलेली, कोणत्याही बाजूने पाहता येणारी होती. चपट्या छब्यांचा खेळ त्याच्यापुढे लगेच म्हातारा दिसू लागला. त्या वेळच्या परीक्षकांनी 'रेव्होल्यूशन एक्स'च्या घरगुती आवृत्त्यांना फारच कमी गुण दिले.

गंमत अशी, की हीच मंडळी याच प्रकारच्या कामात आधी बरी उतरली होती. 'टर्मिनेटर २' या सिनेमावर मिडवेने १९९१ साली असाच बसवलेल्या बंदुकीचा खेळ काढला होता. तो घरी आणताना सुपर निन्टेन्डो आणि सेगा या दोन्ही यंत्रांच्या उजेड टिपणार्‍या बंदुका वापरायची सोय ठेवली होती. म्हणजे बंदुकीचे महत्त्व कोणाला कळत नव्हते असे नाही.

आता पैशाचे बघा. खेळघरात एका वेळेला पाव डॉलरचे नाणे. कपाटाचा खेळ मुद्दामच असा रचलेला असतो की थोड्या वेळाने तुम्ही मरावे. त्यात अन्याय नाही, तो धंदाच तसा. तिथे आवडले नाही तर नाणे गेले, शेजारच्या कपाटापुढे जाऊन उभे राहावे. त्या दिवसांत कॅसेट घ्यायची म्हणजे साधारण पन्नास-साठ डॉलर. दोनशेहून जास्त नाणी एका दमात, तीही न खेळता, खोक्यावरचे चित्र पाहून. वाढदिवसाचे पैसे साठवून ते खोके घेणार्‍या मुलाने खेळघरातला दणका आठवूनच ते घेतले असणार. घरी मात्र नाण्याच्या फटीऐवजी मोजके जीव मिळत. ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. नाणी उकळण्यासाठी रचलेली कठीणता, नाणे नसलेल्या घरी नुसती शिक्षा होऊन बसते.

याची थोडी कळ मला स्वतःला ठाऊक आहे. आठवीत असताना मी तालुक्याच्या बाजारातून एक कॅसेट आणली होती. वर छापले होते, नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ! घरी येऊन लावली, तर आत खेळ सात. तेच सात नावे बदलून पुन्हा पुन्हा. वडील हिशेबाचे पक्के, ते म्हणाले, "सात कसे? मोज नीट." मी दोन दिवस मोजत होतो. त्या दुकानदाराने फसवले हे कळायला लहान मुलालाही वेळ लागत नाही. 'रेव्होल्यूशन एक्स'च्या बाबतीत मात्र कोणी खोटे बोलले असे म्हणता येत नाही. नाव तेच, कथा तीच, फोटो त्याच वाद्यवृंदाचा. एकेक गोष्ट विचाराल तर ती आत होती, थोडीथोडी. म्हणूनच त्या मुलाला आपली तक्रार काय आहे हे नीट सांगताही आले नसावे.

ॲक्लेमने २००४ साली दिवाळे काढले, मिडवेने २००९ साली. एरोस्मिथने दौरे थांबवल्याचे २०२४ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले. गायकाच्या गळ्याला इजा झाली होती. पण त्याआधी, २००८ साली, हा वाद्यवृंद पुन्हा एकदा खेळात आला होता. 'गिटार हीरो'च्या मालिकेत त्यांच्या नावाचा स्वतंत्र खेळ निघाला. तो घरच्यासाठीच रचलेला होता. हातात बंदूक नाही, कंट्रोलरची डबीही नाही. गिटारच्या आकाराचे एक यंत्र, त्याच्या मानेवर पाच रंगीत बटणे, आणि पडद्यावर रंग सरकत येतील तशी ती दाबायची. चुकलात तर गिटारचा आवाज बंद पडतो, बाकीचे गाणे चालू राहते. गाणी पूर्ण होती.

१९९४ चा मूळ कपाटाचा खेळ जुन्या यंत्रांची नक्कल करणार्‍या प्रणालीवर आजच्या साध्या संगणकातही चालतो. त्याचे आवाज, त्याच्या छब्या, सगळे चिपांतून जसेच्या तसे उतरवलेले. मी आमच्या कॉलेजातल्या मुलांना तो दाखवला. एकाने पाच मिनिटे माउस सरकवत गोळ्या झाडल्या, मग हात थांबवून विचारले, "सर, ती बंदूक जड होती का हो?"